शोधाची मालकी कोणाची?

गेल्या पावसाळ्यात तालुक्याच्या गावी भरलेल्या आपल्या दोन दिवसांच्या अभ्यासवर्गात एका तरुण कार्यकर्तीने मला विचारले, "भाऊ, आपण निवडणूक हरलो ती लोकांनी आपले म्हणणे ऐकून नाकारले म्हणून, की ते त्यांच्यापर्यंत पोचलेच नाही म्हणून?" तिच्या मते दुसरे कारण खरे होते. इंटरनेटवर जो तो आपापल्या बुडबुड्यात बंद आहे, शोधयंत्र प्रत्येकाला त्याच्या आवडीचेच दाखवते, मग विरुद्ध मताच्या माणसाला आपली पत्रके, आपले ठराव, आपली आकडेवारी दिसणार तरी कशी, असे तिचे म्हणणे. वर्गातील पुष्कळांनी माना डोलावल्या. ज्यात आपला काहीच दोष नाही असे पराभवाचे कारण सापडले की सभागृहातील हवा कशी हलकी होते, हे मी पन्नास वर्षे पाहत आलो आहे. म्हणूनच ते कारण तपासून घ्यावे असे मला वाटले.

दुपारच्या सत्रात आम्ही एक साधा प्रयोग केला. एका शेतकरी कार्यकर्त्याच्या, एका बँक कर्मचाऱ्याच्या आणि एका विद्यार्थिनीच्या मोबाईलवर एकाच वेळी 'पीकविमा' हा शब्द टाकला. तीन मोबाईलांवरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे मान्य. पण जे दिसले ते आमच्या अपेक्षेपेक्षा वेगळे होते. पाने बहुतेक तीच होती, क्रम थोडाफार बदललेला, बातम्या ज्याच्या त्याच्या जिल्ह्याच्या. मात्र जाहिराती तीन तऱ्हांच्या होत्या. शेतकऱ्याला कर्जाची, बँकेतल्या गृहस्थांना गुंतवणुकीची आणि विद्यार्थिनीला स्पर्धापरीक्षेच्या शिकवणीची. उत्तर जवळजवळ एक, पण विकण्याचा माल तिघांसाठी तीन प्रकारचा. 'बुडबुडा' या शब्दाभोवती चाललेल्या चर्चेत ही गोष्ट नेमकी झाकली जाते, आणि समाजवाद्यांनी विचार करायचा तो तिचाच.

थोडा इतिहास सांगणे भाग आहे. १९९८ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन संशोधक विद्यार्थ्यांनी आपल्या शोधयंत्राची रचना सांगणारा निबंध प्रसिद्ध केला. त्यांची मूळ कल्पना अशी, की एका पानाने दुसऱ्या पानाचा दुवा दिला म्हणजे त्या दुसऱ्या पानाला एक मत पडले. ज्या पानाला स्वतःलाच पुष्कळ मते पडली आहेत त्याच्या मताचे वजन अधिक. वजनदारांच्या मताला अधिक वजन हे सूत्र आपल्या पचनी पडणारे नव्हे. परंतु निदान निकाल तरी राजापासून रंकापर्यंत सर्वांना एकच मिळत होता. याच निबंधाच्या परिशिष्टात या दोघांनी स्वच्छ लिहून ठेवले होते, की जाहिरातींच्या पैशावर चालणारे शोधयंत्र स्वभावतःच जाहिरातदाराकडे झुकेल आणि सामान्य ग्राहकाच्या गरजेपासून दूर जाईल. म्हणून विद्यापीठीय क्षेत्रात एक पारदर्शक शोधयंत्र असणे अत्यंत आवश्यक आहे, असेही त्यांनी म्हटले होते. मार्क्सवाद्याने केलेले विश्लेषण याहून फारसे निराळे झाले नसते. दोनच वर्षांनी, २००० मध्ये, त्यांच्या गूगल कंपनीने शोधशब्दांना जोडून जाहिराती विकण्यास प्रारंभ केला. २०२४ साली शोधाशी निगडित जाहिरातींच्या या एका खात्यातून कंपनीला सुमारे १९८ अब्ज डॉलर मिळाले.

आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. ज्या डिजिटल ग्रंथालय प्रकल्पात हे संशोधन वाढले त्याला अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाचे, म्हणजे तेथील करदात्यांचे, अनुदान होते. पेटंट विद्यापीठाच्या नावे झाले. परवान्याच्या मोबदल्यात विद्यापीठाला कंपनीचे समभाग मिळाले आणि ते विकून २००५ पर्यंत सुमारे ३३.६ कोटी डॉलर हाती आले. बीज सार्वजनिक, पीक खाजगी. धरणांपासून औषधांपर्यंत आपण हा प्रकार पाहिलेला आहे.

वैयक्तिकीकरण यानंतरचे. २००५ मध्ये ते खाते उघडून शोध घेणाऱ्यांपुरते सुरू झाले. डिसेंबर २००९ पासून खाते नसलेल्यांनाही लागू झाले आणि ब्राउझरमध्ये ठेवलेल्या कुकीच्या आधारे १८० दिवसांपर्यंतच्या शोधांवरून निकालांची मांडणी बदलू लागली. याविषयी मोठा गवगवा झाला तो २०११ मध्ये, एली पॅरिसर यांच्या 'द फिल्टर बबल' या पुस्तकामुळे. पॅरिसर हे तेथील डावीकडे झुकलेल्या चळवळीतले कार्यकर्ते. २०१० साली मेक्सिकोच्या आखातात तेलगळतीचा अनर्थ घडला, तेव्हा त्यांच्या दोन परिचितांनी 'बीपी' ही दोन अक्षरे शोधली. एकीला त्या तेल कंपनीतील गुंतवणुकीची माहिती मिळाली, दुसरीला गळतीच्या बातम्या. हे उदाहरण जगभर फिरले. आपल्या कार्यकर्तीच्या मनातही तेच होते.

परंतु पुढील संशोधनाने या चित्राला बरीच मुरड घातली आहे, आणि प्रामाणिक माणसाने ती मान्य केली पाहिजे. २०१३ मध्ये नॉर्थईस्टर्न विद्यापीठातील संशोधकांनी मोजले तेव्हा सरासरी सुमारे १२ टक्के निकालांतच वैयक्तिक फरक दिसला, आणि तोही मुख्यत्वे माणूस कोठे आहे व त्याने खाते उघडले आहे की नाही यावर अवलंबून होता. २०२३ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकेतील २०१८ आणि २०२० च्या निवडणुकांच्या काळातील प्रत्यक्ष शोध तपासले गेले. शोधयंत्र जे पुढे ठेवते त्यापेक्षा माणूस स्वतः होऊन जे निवडतो ते अधिक एकांगी असते, असा त्याचा निष्कर्ष. सोप्या शब्दांत, बुडबुडा असेल तर त्याच्या भिंती बऱ्याच अंशी आपणच लिंपतो. २०१८ साली कंपनीनेही वैयक्तिकीकरण फारच थोडे असल्याचे सांगितले होते. कंपनीच्या शब्दावर मी विसंबणार नाही. पण तिच्याविरुद्धचा प्रत्येक आरोप खरा मानणे हाही अभ्यास नव्हे.

मग धोका नाहीच काय? आहे, पण तो दुसरीकडे आहे. वेगवेगळे निकाल दिसण्यापेक्षा मला अधिक चिंता वाटते ती सर्वांना एकच निकाल दिसण्याची, आणि तो क्रम कोणी व कशाच्या आधारे लावला हे कोणालाच ठाऊक नसण्याची. २०१५ मध्ये रॉबर्ट एपस्टीन आणि रोनाल्ड रॉबर्टसन यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांपैकी एक भारतात झाला होता, २०१४ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी, दोन हजारांहून अधिक अनिश्चित मतदारांवर. प्रयोगासाठी बनवलेल्या शोधयंत्रावर निकालांचा क्रम एखाद्या उमेदवाराच्या बाजूने लावला, की अनिश्चितांपैकी २० टक्के वा अधिक जणांचा कल बदलू शकतो, असे त्यांनी मांडले. कृत्रिम प्रयोगावरून प्रत्यक्ष निवडणुकीविषयी किती अनुमान काढावे याबद्दल वाद आहेत, आणि आपण असे काही करतो हे कंपनीने नाकारले आहे. माझा मुद्दा मर्यादित आहे. उद्या कोणी असे केले तर ते ओळखण्याचे साधन निवडणूक आयोगाकडे नाही, न्यायालयाकडे नाही, आपल्याकडे तर नाहीच. वर्तमानपत्राचा अग्रलेख पक्षपाती असला तरी तो सर्वांच्या डोळ्यांसमोर असतो. त्याला दुसऱ्या दिवशी उत्तर देता येते. क्रमाला उत्तर कसे देणार?

दुसरा धोका त्या तीन जाहिरातींचा. शेतकऱ्याला कर्जाची जाहिरात दाखवायची तर तो शेतकरी आहे, अडचणीत आहे, गेल्या महिन्यात त्याने काय काय शोधले, हे आधी कोठेतरी जमा झालेले असले पाहिजे. भेदभावही येथूनच शिरतो. हार्वर्डमधील लताण्या स्वीनी यांनी २०१३ मध्ये दाखवून दिले, की कृष्णवर्णीयांमध्ये प्रचलित असलेली नावे शोधली असता अटकेच्या नोंदी सुचवणाऱ्या जाहिराती अधिक प्रमाणात दिसत होत्या. असे करा म्हणून कोणी आज्ञा दिलेली असेलच असे नाही. लोक कशावर बोट ठेवतात ते पाहून यंत्र शिकते आणि समाजाचा पूर्वग्रह व्याजासह परत करते. आपल्या देशात तर आडनाव जात सांगते. हे यंत्र येथे काय शिकले असेल, याचा पद्धतशीर तपास व्हायला हवा.

येथे एक जुनी आठवण सांगतो. आणीबाणीत मी महाविद्यालयात होतो. आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात एके दिवशी साध्या वेषातील दोन पोलीस आले आणि त्यांनी ग्रंथपालांकडे देवघेवीची वही मागितली. चार मुलांनी वर्षभरात कोणती पुस्तके नेली ते त्यांना पाहायचे होते. त्या चौघांत मी होतो. ग्रंथपाल काही समाजवादी नव्हते. कपाळी गंध लावणारे, आयुष्यभर काँग्रेसला मत दिलेले गृहस्थ. "वही पावसात भिजली, टाकून दिली," असे त्यांनी शांतपणे सांगितले. तेव्हा मार्च महिना चालू होता. वाचकाने काय वाचले हे वाचक आणि ग्रंथपाल यांच्यातच राहिले पाहिजे, हे त्यांना कोणत्याही घटनापीठाने शिकवलेले नव्हते.

शोधयंत्राची वही या वहीपेक्षा कितीतरी खोल आहे. पुस्तक नेताना माणूस चारचौघांत नेतो. शोधयंत्राला मात्र तो जे बायकोला, वैद्याला, वकिलाला विचारत नाही ते विचारतो. गाठ कसली असेल, सावकाराने जमीन बळकावली तर कोठे जावे, नवरा मारतो तर पोलिसांत न जाता काय करता येईल, कारखान्यात संघटना बांधली तर नोकरी जाईल काय. २००६ मध्ये अमेरिकेतील एओएल कंपनीने सुमारे ६,५०,००० वापरकर्त्यांचे तीन महिन्यांतील सुमारे दोन कोटी शोध संशोधनासाठी म्हणून खुले केले, तेव्हा नावे काढून त्यांच्या जागी क्रमांक घातले होते. काही दिवसांतच 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या वार्ताहरांनी केवळ शोधांवरून एका वृद्ध स्त्रीचे घर गाठले. नाव काढले म्हणजे माणूस लपतो हा समज तेव्हाच संपायला हवा होता.

खाजगीपणाचा हा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही. १९८६ साली टपालातील पत्रे अडवण्याचे व्यापक अधिकार सरकारला देणारे विधेयक संसदेने मंजूर केले होते. राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाही आणि ते पुढे कायदा बनलेच नाही. टेलिफोन चोरून ऐकण्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली ती जयप्रकाशजींनी १९७६ मध्ये स्थापन केलेल्या संघटनेने, पीयूसीएलने, आणि १९९६ च्या निकालाने अशा ऐकण्यावर काही बंधने आली. आपले हात मात्र पूर्ण स्वच्छ आहेत असे समजू नये. १९८८ मध्ये टेलिफोन चोरून ऐकल्याच्या आरोपांवरून मुख्यमंत्रिपद सोडावे लागले ते कर्नाटकातील जनता पक्षाच्या रामकृष्ण हेगडे यांना. सत्तेत गेल्यावर कान लांब होतात, मग झेंडा कोणताही असो. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमताने सांगितले. त्यानंतर सहा वर्षांनी, २०२३ मध्ये, संसदेने व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्यात केंद्राला आपल्या यंत्रणांना सूट देण्याची मुभा आहे, आणि खाजगीपणाच्या नावाखाली माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(जे) मधील सार्वजनिक हिताची तरतूद काढून टाकली आहे. नागरिक सरकारपुढे उघडा, सरकार नागरिकापुढे झाकलेले, असा हा उफराटा न्याय. त्याच वर्षीच्या नव्या टपाल कायद्यात पत्रे अडवण्याचा अधिकारही परत आला, आणि यावेळी सही थांबली नाही.

आता पर्यायांकडे वळू, कारण वर्गात शेवटी सर्वांनी विचारले ते हेच. वापरायचे काय? शोधांची नोंद व्यक्तीच्या नावे न ठेवण्याचे अभिवचन देणारी शोधयंत्रे आहेत. अमेरिकेतील डकडकगो २००८ पासून आहे, नेदरलँड्समधील स्टार्टपेज त्याहून जुने, फ्रान्समधील क्वांट २०१३ पासूनचे. मी स्वतः अनेक वर्षे यांपैकी एक वापरतो आणि कार्यकर्त्यांनी ते वापरावे असेच म्हणतो. विशेषतः जे अत्याचारग्रस्तांच्या तक्रारी, कामगारांची संघटना, स्त्रियांचे समुपदेशन अशी कामे करतात त्यांनी तर आवर्जून. दुसऱ्याच्या दुःखाविषयी शोध घेताना आपण त्याची गुपिते कोणाच्या वहीत लिहितो, याचा विचार करणे हा कार्यकर्त्याच्या शिस्तीचा भाग आहे. ब्राउझरमधील 'गुप्त' खिडकीवर मात्र विसंबू नये. ती खिडकी आपल्या घरच्यांपासून लपवते, कंपनीपासून लपवतेच असे नाही. यावरून झालेल्या दाव्यात २०२४ मध्ये गूगलने तडजोड करून अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचे मान्य केले.

पण या पर्यायांविषयी भाबडेपणा नको. डकडकगोचे बहुतेक निकाल मायक्रोसॉफ्टच्या बिंगकडून येतात, स्टार्टपेजचे गूगलकडून. २०२२ मध्ये असे उघडकीस आले, की डकडकगोचा ब्राउझर इतर कंपन्यांच्या माग काढणाऱ्या यंत्रणा अडवत असता करारामुळे मायक्रोसॉफ्टच्या काहींना वाट देत होता. बोभाटा झाल्यावर त्यांनी तो दोष बराचसा दुरुस्त केला. दुकानाची पाटी वेगळी, पण गोदाम त्याच सावकाराचे. ऑगस्ट २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने बिंगचे निकाल इतरांना पुरवण्याची आपली खुली सेवा बंद केली, तेव्हा या गोदामावर जगणाऱ्या लहान शोधयंत्रांना त्याचा अर्थ समजला. जगभरच्या पानांची स्वतःची सूची तयार करणारे फार थोडे. ब्रिटनमधील मोजीक, अमेरिकेतील ब्रेव्ह, असे मोजकेच. सूची हेच या धंद्यातील उत्पादनाचे साधन आहे. ते दोन-तीन हातांत आहे तोवर पर्यायाचा अर्थ एवढाच, की मालक तोच, मुनीम जरा सभ्य.

सूची बनवणे कठीण आहे खरे. पण केवळ कठीण म्हणून कोणी पुढे आले नाही असे समजू नये. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेतील न्यायाधीश अमित मेहता यांनी गूगलने शोधक्षेत्रातील मक्तेदारी बेकायदेशीरपणे टिकवल्याचा निर्णय दिला. त्या खटल्यात बाहेर आले, की मोबाईल आणि ब्राउझर यांत आपले शोधयंत्र आपोआप पुढे यावे यासाठी कंपनीने २०२१ या एका वर्षात २६.३ अब्ज डॉलर इतरांना वाटले. आपल्या स्पर्धा आयोगानेही कारवाई केली आहे. २०१८ मध्ये शोधनिकालांतील पक्षपाताबद्दल सुमारे १३६ कोटी रुपये, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइड मोबाईलवरील सक्तीबद्दल सुमारे १,३३८ कोटी रुपये दंड. आकडा मोठा वाटतो. हिशेब केला तर तो तेव्हाच्या दराने सुमारे १६ कोटी डॉलर भरतो, म्हणजे वर सांगितलेल्या वाटपाची जेमतेम सव्वादोन दिवसांची रक्कम. सप्टेंबर २०२५ मध्ये मेहता यांनी उपाय सांगितले. एकाधिकाराचे करार करण्यास मनाई झाली, काही माहिती प्रतिस्पर्ध्यांना देण्याचा आदेश झाला; कंपनीचे तुकडे झाले नाहीत आणि पैसे वाटणेही सर्वस्वी बंद झाले नाही. भांडवलशाहीचे न्यायालय भांडवलशाहीची शिस्त राखते, त्याहून अधिक अपेक्षा त्याच्याकडून करणे व्यर्थ आहे.

म्हणून माझे म्हणणे असे, की शोधयंत्र बदलणे हे व्रत म्हणून चांगले आहे, परंतु राजकारण म्हणून अपुरे आहे. राजकारण सुरू होते ते सूची सार्वजनिक करण्याच्या मागणीपासून. युरोपमध्ये त्या दिशेने एक पाऊल पडले आहे. २०२२ मध्ये युरोपीय संघाच्या सुमारे ८५ लाख युरोंच्या साहाय्याने विद्यापीठे, संगणक केंद्रे आणि सर्न ही संशोधन संस्था यांनी मिळून खुल्या सूचीचे काम हाती घेतले. कल्पना अशी, की पानांची सूची सामायिक असावी आणि तिच्यावर आपापल्या पद्धतीने क्रम लावणारी शोधयंत्रे कितीही असावीत. ही विभागणी मला फार महत्त्वाची वाटते. कारण आपल्याकडे सार्वजनिक सूचीचा विषय काढला, की आणीबाणी पाहिलेला माझ्यासारखा कार्यकर्ताच प्रथम दचकतो. सरकारच्या हाती शोध द्यायचा? ज्या सरकारला एखादे व्यंगचित्र सोसत नाही त्याला हा क्रम लावायला द्यायचा? मुळीच नाही. जनगणनेचे आकडे सरकार गोळा करते, अर्थ मात्र सरकारही लावते, आपणही लावतो, विरोधकही लावतात. सूचीचे तसेच व्हावे. तिची मालकीही एका मंत्रालयाकडे नको. विद्यापीठे, ग्रंथालय संघ आणि राज्यांच्या भाषासंस्था यांच्यात वाटलेली असावी. लोहियांच्या चौखंभा राज्याची कल्पना या क्षेत्राला जितकी लागू पडते तितकी क्वचितच कोठे पडत असेल.

आणि आपल्याकडे हे कधी झालेच नाही असेही नाही. केंद्र सरकारच्या भाषातंत्रज्ञान कार्यक्रमातून, आयआयटी मुंबईच्या पुढाकाराने, 'संधान' नावाचे भारतीय भाषांतील शोधयंत्र बनले होते. हिंदी, मराठी, बंगाली, तमिळ आणि तेलुगू या भाषांत, पर्यटन या एका विषयापुरते. मराठीत 'घर' शोधणाऱ्याला 'घराला', 'घरातून' असलेली पानेही मिळाली पाहिजेत, हा सामान्यरूपाचा गुंता कोणत्याही परदेशी कंपनीने आस्थेने सोडवण्याचे कारण नाही. येथील संशोधकांनी तो मनावर घेतला. तो प्रयत्न लोकांच्या रोजच्या वापरात रुजला नाही. त्याला कोट्यवधी डॉलर लागले असते असे नव्हे, पण सातत्य लागले असते. १९६७ चा ग्रंथालय कायदा आणि १९७६ पासून खंड काढणारा मराठी विश्वकोश ज्या राज्याने उभा केला त्या राज्यात या मागणीसाठी एकही मोर्चा निघालेला नाही, ही आपल्या कल्पनाशक्तीची मर्यादा आहे. २०२४ पासून तर शोधयंत्र पानांची यादी देण्याआधी स्वतःच रचलेले उत्तर वर ठेवू लागले आहे. यादीतले दहा दुवे पाहण्याची सवयही गेली, तर आज जे थोडे दिसते तेही दिसणार नाही.

आता त्या कार्यकर्तीच्या प्रश्नाचे उत्तर. प्रयोग संपल्यावर ती हटून बसली आणि तिने पीकविम्यावरील आपल्याच पक्षाचा ठराव शोधायला घेतला. ठराव शब्दशः टाकला, तरी सापडेना. गूगलवर नाही, बिंगवर नाही, डकडकगोवरही नाही. बुडबुडा असता तर निदान तिच्या बुडबुड्यात तरी तो ठराव असायला हवा होता. रात्री कार्यालयाच्या संगणकावर पाहिले तेव्हा उलगडा झाला. आपले ठराव जुन्या छपाईच्या फाँटमध्ये टंकलेले आहेत. कागदावर ते सुरेख मराठी दिसते, परंतु यंत्राला त्या अक्षरांच्या जागी निरर्थक रोमन खुणा दिसतात. त्याआधीचे अंक तर नुसती छायाचित्रे आहेत. रोजगार हमीपासून देवदासींच्या प्रश्नापर्यंत चार दशकांचे आपले लेखन कोणत्याही शोधयंत्राच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही. हे कोणा मक्तेदाराने केलेले नाही. युनिकोड आले, शेजारच्या पक्षांनी स्वीकारले, आणि आपण कार्यकारिणीच्या तीन बैठकांत तो विषय वेळेअभावी पुढे ढकलला. त्या तिन्ही बैठकांना मी हजर होतो.

ती आणि आणखी दोन विद्यार्थी दर रविवारी कार्यालयात येऊन जुने ठराव युनिकोडमध्ये पुन्हा टंकत आहेत. १९७८ पासून प्रारंभ केला आहे, आतापर्यंत चौदा ठराव झाले. छापील अंकांचे संच अपुरे आहेत. ज्या साथींकडे १९८२ आणि १९८३ चे अंक असतील त्यांनी ते कार्यालयाकडे पाठवावेत. टंकून झाल्यावर टपालखर्चासह परत केले जातील.